छोट्या यादीतलं नाव

फोर्टातल्या त्या लॉ फर्मचं नाव मी इथे लिहिणार नाही. तसं मी लेखी दिलेलं आहे. चार आडनावं एका ओळीत, मध्ये दोन स्वल्पविराम आणि शेवटच्या आडनावाआधी 'अँड', एवढं सांगायला हरकत नसावी. (नूपुरला विचारलं. ती म्हणाली, स्वल्पविरामसुद्धा नकोत. पण तोवर लिहून झाले होते.)

सगळं सुरू झालं ते पावामुळे. शनिवारी संध्याकाळी घरात पाव नव्हता आणि मी म्हणालो, मी आणतो. एरवी मी असं म्हणत नाही. चार मजले उतरायचे, पुन्हा चढायचे आणि वर आल्यावर सुचित्राने 'लादी नरम नाही' म्हणायचं, हे माझ्या रोजनिशीत अनेकदा आलेलं आहे. पण त्या दिवशी मी फार खुशीत होतो. आमच्या मुलीला मेल आला होता.

नूपुर कायद्याच्या चौथ्या वर्षाला आहे. आमच्या घराण्यात आजवर कोर्टाची पायरी कुणी चढलं असेल तर ते साक्षीदार म्हणून, तेही एकदाच, आणि त्या दिवशी न्यायाधीश रजेवर होते. त्यामुळे मोठ्या फर्ममध्ये इंटर्नशिप मिळवायची म्हणजे काय करायचं, हे सांगणारं घरात कुणी नव्हतं. ती आपली आपण शिकली. सीव्ही एका पानातच बसला पाहिजे, कव्हर लेटर प्रत्येक फर्मला वेगळं लिहावं लागतं, हे मला तिच्याकडूनच कळलं. (कव्हर लेटर मी तपासून देत असे. मला कायदा कळत नाही, पण वाक्य कुठे संपलं नाही ते कळतं.) वर्षभर तिने अर्ज पाठवले. बऱ्याच ठिकाणांहून उत्तर आलं नाही. काहींनी 'आपला अर्ज आमच्या नोंदीत ठेवला आहे' असं कळवलं. तिच्या वर्गातल्या दोघातिघांचे काका-मामा वकील होते, त्यांची सोय झाली. या वर्षी नाही मिळाली, तर पुढे नोकरीला कुणी दारात उभं करणार नाही, असं ती एकदा जेवताना बोलून गेली आणि मग तिने आमटीच घेतली नाही.

आणि शनिवारी मेल आला. शॉर्टलिस्ट झाली होती. मंगळवारी मुलाखत. तिने आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं की, ही फक्त मुलाखत आहे, अजून काही झालेलं नाही आणि कुणाला म्हणजे कुणाला बोलायचं नाही.

मी कुणाला बोललो नाही. फक्त हितेंद्रला बोललो.

हितेंद्र आमच्या गल्लीतल्या गणपती मंडळाचा अध्यक्ष. बेकरीपाशी उभा होता. त्याने विचारलं, काय भाऊ, आज स्वतः पावाला? आता इथे मी 'असंच' म्हणालो असतो तर ही गोष्ट संपली असती. पण मी म्हणालो, "नूपुरचं नाव लागलं यादीत."

शॉर्टलिस्टला मराठीत काय म्हणावं याचा मी जिना उतरताना विचार केला होता. 'छोटी यादी' हे काही बरं वाटेना, म्हणून 'छोटी' गाळलं. एवढीच माझी चूक. पण आमच्या काळाचौकीत यादी म्हणजे एकच, गिरणी कामगारांच्या घरांची. हितेंद्रचे वडील त्या यादीची वाट बघत बघत म्हातारे झाले. यादीत नाव लागलं म्हणजे लागलं, त्यापुढे फक्त पेढे. हितेंद्रने माझे दोन्ही हात धरले. त्याच्या डोळ्यांत खरोखरच पाणी होतं. त्या वेळी 'अरे, तशी यादी नव्हे' असं सांगणं मला शिष्टाचाराला धरून वाटलं नाही.

मग तो म्हणाला, कंपनीचं नाव लिहून द्या, नाहीतर मागाहून तुम्हीच चुका काढता. हे खरं आहे. मंडळाच्या कार्यक्रमपत्रिकेत मी दरवर्षी चुका काढतो. मला वाटलं, व्हॉट्सॲपवर अभिनंदन टाकत असेल. पावाच्या कागदावर मी सुवाच्य अक्षरात नाव लिहून दिलं. खाली पत्ता लिहिला. अर्धवट माहिती देणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून फोन नंबरही लिहिला.

रविवारी सकाळी गल्लीच्या तोंडावर दहा बाय आठचा फ्लेक्स लागला होता.

'आपल्या विभागाची वाघीण ॲड. कु. नूपुर राजेश घाडीगावकर यांची' इथून सुरुवात होऊन फर्मचं नाव, त्याखाली 'या नामांकित कंपनीत निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. नूपुरचा फोटो कुणाच्या तरी हळदीतला, गॉगल लावलेला. दोन्ही बाजूंना शुभेच्छुक, वर हितेंद्र हात जोडून. अगदी खाली, फ्लेक्सवाल्याच्या मोबाइल नंबराशेजारी, पोस्टाच्या तिकिटाएवढा मी. आणि तळाला लाल पट्टीत: 'कायदेशीर सल्ल्यासाठी संपर्क', पुढे फर्मचा फोन नंबर.

मी सवयीप्रमाणे आधी शुद्धलेखन तपासलं. एकही चूक नव्हती. मला अभिमान वाटला. (आपला फोटो जरा मोठा हवा होता, असंही वाटलं. ते मी रोजनिशीतसुद्धा लिहिलेलं नाही.) मग वर जाऊन मी नूपुरला खिडकीपाशी बोलावलं.

तिने वाचलं. मग अगदी हळू म्हणाली, "पप्पा, वकिलांना जाहिरात करता येत नाही. नियम आहे. आणि मी वकील नाही. आणि माझी निवड झालेली नाही."

एका फ्लेक्समध्ये इतक्या चुका असतील आणि त्यातली एकही शुद्धलेखनाची नसेल, याची मला कल्पना नव्हती.

सुचित्रा म्हणाली, लादी नरम नव्हतीच, मी तेव्हाच म्हटलं होतं. त्याचा इथे काय संबंध ते मी विचारलं नाही.

मी धावत हितेंद्रकडे गेलो. तो दुखावला. म्हणाला, भाऊ, पोरगी आमची पण आहे, आम्ही काय वाईट केलं? शिवाय बांबू बांधणारी मुलं रविवारची क्रिकेटला गेली होती. फ्लेक्स उतरला सोमवारी संध्याकाळी. तोवर सोमवारचा अख्खा दिवस लोकांनी लाल पट्टीचा लाभ घेतला. पलीकडच्या चाळीतल्या दगडूने पोटमाळ्याच्या भांडणासाठी फर्मला सात वेळा फोन केला. दर वेळी तो म्हणे, "नूपुरताईंना द्या, त्यांना माहितीये." कुणी पागडीचं विचारलं, कुणी बिल्डरचं. एक बाई तर रेशनकार्डावरचं नाव कमी करायला प्रत्यक्ष फोर्टात जाऊन आल्या आणि ऑफिस फार थंड आहे, शाल न्यावी, असं त्यांनी खाली सर्वांना सांगितलं.

मंगळवारी नूपुर मुलाखतीला निघाली, तेव्हा तिने दह्याची वाटीही घेतली नाही. 'जाऊन येते' म्हणाली, ते फक्त आईला.

पुढचं मला तिच्याकडून तुकड्या-तुकड्याने कळलं. समोर फर्मच्या मोठ्या मॅडम होत्या. त्यांनी सीव्ही उघडलाच नाही. स्वतःचा मोबाइल टेबलावर ठेवला. त्यात आमचा फ्लेक्स. मॅडमनी बोट ठेवून विचारलं, हे खाली तिकिटाएवढे कोण? नूपुरला 'माहीत नाही' म्हणता आलं असतं. इतक्या लहान फोटोत मी कुणीही असू शकतो. ती म्हणाली, "माझे वडील. शुद्धलेखन त्यांचं आहे."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी तिच्यापुढे कोरा कागद सरकवला. समज, तू आमच्या बाजूला आहेस, काय करशील? अर्धा तास घे.

नूपुरने अर्ध्या तासात नोटीस लिहिली. फर्मचं नाव परवानगीशिवाय वापरलं, खोटी निवड जाहीर केली, विद्यार्थिनीला ॲडव्होकेट म्हटलं, सगळं क्रमाने. मागणी अशी: लेखी माफी, फर्मचं नाव पुन्हा कुठेही न लिहिण्याची हमी, आणि त्याच जागी, त्याच आकाराचा, रीतसर परवानगी काढून लावलेला खुलाशाचा फ्लेक्स. पंधरा दिवस. जबाबदार व्यक्तीच्या ठळक छायाचित्रासह. मॅडमनी दोनदा वाचली आणि विचारलं, पहिलं नाव वडिलांचं कसं? अध्यक्षाचं का नाही?

"माहिती वडिलांनी पुरवली, मॅडम. हितेंद्रदादाने फक्त छापली."

मॅडम म्हणाल्या, एक तारखेपासून ये. आणि कागद बाहेर देत म्हणाल्या, हे टाइप करून आजच रवाना करा.

त्या रात्री आमच्याकडे शिरा झाला. नूपुरने मला स्वतःच्या हाताने वाढला. मला वाटलं, मिटलं. गुरुवारी पोस्टमन आला. मी सही करून नोटीस घेतली आणि वाचली. भाषा नेटकी होती, प्रत्येक वाक्य जिथे संपायला हवं तिथेच संपत होतं. माझा ऊर भरून आला. मी नूपुरला विचारलं, बाळा, यातून काही मार्ग? ती पोहे खात होती. म्हणाली, "पप्पा, मी समोरच्या बाजूला आहे. तुम्ही तुमच्या वकिलाशी बोला."

माझा वकील तीच होती. म्हणून मी हितेंद्रशी बोललो.

हितेंद्रने या वेळी काम मन लावून केलं. परवानगी काढली. फ्लेक्सवाल्याला बजावलं की, मॅटर सिरियस आहे, रंग, फुलं, वाघ काही नको. त्यानेही सिरियस मॅटरसाठी त्याच्याकडे तयार असलेलं डिझाइन काढलं. पांढरी पार्श्वभूमी, कोपऱ्यात समई. मध्यभागी मी. एकटा, हसरा, चांगला चार फूट. वर ठळक 'राजेश घाडीगावकर'. खुलासा नूपुरच्याच शब्दांत होता, म्हणजे लांबलचक. त्यामुळे तो बारीक अक्षरात खाली घ्यावा लागला, आणि फ्लेक्स बराच उंच बांधला होता.

खरं सांगतो, खालून बघताना मला बरं वाटलं. एवढा मोठा फोटो माझ्या लग्नातही नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून उशिरा आलो. फ्लेक्सला कुणी तरी झेंडूचा हार घातला होता. बेकरीवाला मला बघून दचकला आणि त्याने पैसे घेतले नाहीत. जिन्यात दोन बायका बोलत होत्या, त्या गप्प झाल्या. घरात शिरून चपला काढतो तोच दार वाजलं. मीच उघडलं.

दारात प्रभादेवीची आनंदीआत्या. पदर डोळ्यांना, हातात पिठलं-भाताचा डबा. तिने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"मेल्या," ती म्हणाली, "तू जितो आसस?"

मी हो म्हणालो. (त्या क्षणी मला जरा अपराध्यासारखंच वाटलं.) तिला आत बसवलं, पाणी दिलं आणि यादीपासून नोटिशीपर्यंत सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. नूपुरला जवळ घेऊन तिची दृष्ट काढली. मग मला विचारलं, तो बोर्ड कधी उतरणार?

मी सांगितलं, नोटिशीप्रमाणे पंधरा दिवस ठेवावा लागेल.

आत्याने डब्याचं झाकण उघडलं, पिठलं माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाली, "बाकीच्यांचो तेराव्याक काढतत. तुझो दोन दिवस जास्तीच रवतलो."