चार खुर्च्यांची हाक

ऐका, ऐका! आमच्या फोरमवर एक मुलगी आहे, दाढदुखी. खरं नाव विचारू नका, तेव्हा आम्हालाही माहीत नव्हतं. नव्या शहरात एकटी राहते, कवळ्या बनवते. दिवसभर समोर दातच दात, पण बोलणारं तोंड एक नाही! म्हणून संध्याकाळी आमच्यासोबत ऑनलाइन गावं वसवायचा खेळ. कुणाला खेळात पूल बांधायचा असला की तो फोरमवर ‘हाक’ टाकतो: काम काय, कधी, सामान काय. दाढदुखी सगळ्यांच्या हाकेला सगळ्यांत आधी धावायची. स्वतः मात्र कधी हाक टाकली नव्हती.

"फोरमचे सतराही नियम मला तोंडपाठ!" ही तिची कायमची फुशारकी.

तिला लहानाची मोठी केली आत्याने. आत्याचा रोज फोन.

"मैत्रिणी झाल्या का गं?"

"सात जण आहेत, आत्या! फोरमवर."

"फोनमधली माणसं? घोटभर पाणी तरी देतील का? रविवारी येते मी. घरात हाडामांसाची माणसं दिसली तर ठीक, नाहीतर बॅग भर आणि चल. कवळ्या इथल्या म्हाताऱ्यांनाही लागतात!"

एवढ्या खटपटीने मिळवलेली नोकरी! घाबरत घाबरत दाढदुखीने आयुष्यातली पहिली हाक टाकली: ‘काम: आत्याला पटवणं. रविवार, दुपारी बारा. सामान: खुर्च्या, चार.’ खाली पत्ता. घरात खुर्ची होती एक. चार आल्या की बाकीचे पलंगावर बसतील, असा तिचा विचार.

रविवारी पावणेबाराला बेल वाजली. दारात खंदक! फोरमवर मोजकं बोलणारा हा माणूस निघाला इलेक्ट्रिशियन, कपाटाएवढा. दोन्ही खांद्यांवर दोन-दोन खुर्च्या.

"अय्या, तुम्ही एकट्यानेच सगळ्या आणल्या?"

"सगळ्या कुठल्या? माझ्या वाट्याच्या चार."

त्याच्यामागे मुंगी, म्हणजे एक शाळेतल्या बाई. हातात पहिलीच्या वर्गातल्या चार इटुकल्या खुर्च्या. त्यांच्यामागे घामाघूम वस्तरा, सलूनवाला. तीन घडीच्या आणि एक चक्क दुकानातली गोल फिरणारी!

"नियम सतरा," मुंगीबाई म्हणाल्या. "सामान माणशी लिहायचं. तोंडपाठ आहे ना तुला?"

दाढदुखीचं तोंड कवळी काढल्यासारखं झालं! सात चोक अठ्ठावीस! खोली भरली, पलंग भरला, तरी खुर्च्या येतच होत्या. शेवटी रांग तीन मजले जिना उतरून खाली गेली.

आणि नेमका खालून आवाज आला, "अगं ए! खुर्च्यांचं दुकान टाकलंस का?"

आत्या! गुडघे दुखतात, लिफ्ट नाही, आणि जिन्यात पाय ठेवायला जागा नाही. खंदक धावत खाली गेला. आधी पाण्याची बाटली पुढे केली, मग खुर्ची.

"आत्या, बसा."

आत्या पाणी पिऊन बसली आणि चौघांनी खुर्ची उचलली! मुंगीबाई पुढे वाट मोकळी करत होत्या.

"ठेवा खाली, मेल्यांनो! अरे भिंत! भिंत! माझं कोपर!"

वर पोचल्यावर आत्याने पदर सारखा केला आणि सगळ्यांवर नजर फिरवली.

"भाड्याने आणलेत का गं हे? बरं, हिचं खरं नाव काय, सांगा बघू!"

एकालाही माहीत नाही! दाढदुखी मनातल्या मनात बॅग भरायला लागली.

"नाव नाही माहीत," मुंगीबाई हळूच म्हणाल्या. "पण गेल्या महिन्यात ताप होता हिला. तीन दिवस पुलावर आली नाही, तर या खंदकने दर दोन तासांनी विचारलं, औषध घेतलंस का म्हणून. पहिली कवळी वाकडी झाली तेव्हा रडली होती. आणि चहात साखर घेत नाही."

"ताप?" आत्या खुर्चीतून अर्धी उठली. "मला नाही सांगितलंस!"

"तू काळजी केली असतीस ना, आत्या..."

आत्या परत खाली बसली. तिने खंदककडे बघितलं. मग डोळे पुसले आणि ओरडली, "उभे काय राहिलात? अठ्ठावीस खुर्च्या आहेत, बसा की! ए, ताटं घे!"

दाढदुखीने सगळ्यांना वाढलं. स्वतः जेवायचं सोडून ती आमच्याकडे नुसती बघतच होती. जाताना प्रत्येकाने एकेक खुर्ची मागे ठेवली. वस्तऱ्याने घडीची ठेवली, फिरणारीसाठी दुकानात गिऱ्हाईक ताटकळलं होतं.

आत्या एकटीच परत गेली, आपलीच बॅग घेऊन. पण जाण्याआधी मुंगीबाईंकडून फोरमवर खातं उघडून घेतलं! बुधवारी तिची पहिली हाक आली: ‘काम: भाची मांडीवर ताट घेऊन जेवते. सामान: टेबल, एक.’

आता आत्याला सतरावा नियम कुणीतरी सांगायला हवा होता, कबूल. पण जिन्यात जे पहिलं टेबल अडकलं ना, ते माझंच होतं!