खिडकीजवळची खुर्ची

धोंड्याच्या जेवणासाठी नरसिंग बायकोला घेऊन लातूरहून उदगीरला सासुरवाडीत पोहोचला, तेव्हा कसोटीचा दुसरा दिवस सुरू होऊन तासभर झाला होता. सोफ्यावर सासऱ्यांच्या, म्हणजे अर्जुनमामांच्या, उजव्या हाताची त्याची जागा रिकामीच होती. नऊ वर्षं ती जागा त्याची होती. पण आज मामांची मान डावीकडे वळलेली होती, खिडकीजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीकडे. त्या खुर्चीत धाकटा साडू आदर्श पाय पसरून बसला होता.

अधिक महिन्यात लेक-जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे आणि तेहेतीस अनारशांचं वाण द्यायचं, ही रीत. आजवरचे तीन अधिक महिने नरसिंगने एकट्याने खाल्ले होते. धाकट्या मेहुणीचं, रेणुकाचं, लग्न दोन वर्षांपूर्वी झालं आणि नांदेडच्या बँकेतला हा आदर्श वाटेकरी झाला. अनारशांचं नरसिंगला काही नव्हतं, ते काय, घरी जाऊन पोरंच संपवतात. पण मामांबरोबर क्रिकेट बघायचं, हा त्याचा मान होता. मोंढ्यातली आडत थोरल्या मुलाकडे सोपवल्यापासून मामांना कसोटीशिवाय दुसरा उद्योग नव्हता आणि कसोटीत त्यांना नरसिंगशिवाय दुसरा माणूस लागत नव्हता. मामांनी म्हणायचं, "ह्यानं गल्लीत फिल्डर ठिवायला पाहिजे होता," आणि नरसिंगने म्हणायचं, "हाव मामा." नऊ वर्षं हा कार्यक्रम बिनबोभाट चालला होता.

"या नरसिंगराव," मामा मान न वळवता म्हणाले, "बसा. आमचे आदर्शराव काय म्हणून राहिले ऐका जरा."

'आमचे' हा शब्द नरसिंगला पाणी प्यायच्या आधीच लागला.

"मी म्हणून राहिलो, कप्तान चुकला," आदर्श म्हणाला. "फास्टरला कामून ओढून राहिला? स्पिनर आणा म्हणावं."

"न्हाई, न्हाई," मामा म्हणाले, "चेंडू अजून नवा हाय."

"मामा, तुमचं चुकतंय."

नरसिंगच्या अंगावर काटाच आला. मामांचं चुकतंय, असं ह्या घरात कोणी म्हटलेलं त्याने ऐकलं नव्हतं. आता हा पोरगा परतीच्या नांदेडच्या गाडीत बसतो, असं वाटून त्याला आतून जरा बरंही वाटलं. तेवढ्यात कप्तानाने खरोखरच फिरकी गोलंदाजाला बोलावलं. दोन चेंडू साधे गेले. तिसऱ्याच्या आधी आदर्श खुर्चीत मागे रेलला आणि म्हणाला, "ह्या चेंडूवर बगा."

दांडी उडाली. मामांनी मांडीवर थाप मारली. "ह्याला म्हणतेत डोकं! नुसतं हाव हाव करनारे लई बगितले!"

नरसिंग शेजारी बसून ऐकत होता. मामांनी त्याचं नाव घेतलं नव्हतं, पण नाव घ्यायला दुसरं होतंच कोण?

पुढच्या अर्ध्या तासात आदर्शने आणखी एक विकेट अशीच आधी सांगितली. मग मामांनी टीव्हीचा आवाज थोडा कमी करून, म्हणजे शेजारच्या दोन घरांना ऐकू जाईल इतपत ठेवून, जाहीर केलं, "हैदराबादच्या कसोटीचे दोन पास आले हायत. एक माझा. दुसरा, ज्याला कप्तानी कळते त्याचा. आज खेळ संपला की सांगतो."

सत्तरी उलटल्यावर मामांचे कान जड झाले होते, जीभ मात्र तशीच होती. नरसिंगच्या डोळ्यांसमोर चित्रच उभं राहिलं. स्टेडियम, पाच दिवस, मामांच्या उजव्या हाताला आदर्श, आणि आपण लातुरात जिल्हा परिषदेच्या बांधकाम खात्यात रस्त्यांच्या खड्ड्यांचे कागद हलवतोय. तो उठून स्वयंपाकघराच्या दारात गेला आणि पुरण वाटणाऱ्या बायकोला, राजकन्येला, हळूच म्हणाला, "तुझ्या बहिणीचा नवरा जादूटोणा करून राहिला."

"नऊ वर्षं नुसतं हाव मामा म्हणलात," राजकन्या म्हणाली, "तवा कोणी जादू करायला अडवलं होतं तुम्हाला?"

बायकोकडूनही असं ऐकल्यावर नरसिंग हात धुऊन, ओला रुमाल वाळत घालायच्या निमित्ताने खिडकीशी आला. आदर्शची खुर्ची शेजारीच होती. बाहेर दोन हातांवर शेजारच्या चंद्रप्पांची खिडकी. तिच्यातून एकदम आरोळी आली, "होयतु!"

इकडे मामांच्या टीव्हीवर गोलंदाज अजून मांडीला चेंडू घासत होता. आदर्श ताठ बसून म्हणाला, "मामा, हा गेला." गोलंदाज धावत आला, चेंडू टाकला आणि तो गेला.

नरसिंगला उमजायला पाच सेकंद लागले. मामांचा टीव्ही मागच्या दिवाळीपासून नेटवर चालायचा, आणि नेटवरची मॅच अर्धा मिनिट मागे असते. चंद्रप्पांच्या छपरावर डिश होती. चंद्रप्पा घरात कानडी बोलायचे. उदगिरात निम्म्या घरांतून तेच चालतं, पण लातूरच्या नरसिंगला त्यातलं अक्षर येत नव्हतं. आता एक शब्द आला. होयतु म्हणजे आउट. नांदेडच्या साडूलाही तेवढाच येत असणार. मामांना मात्र कानडी मराठीइतकंच यायचं, पण टीव्ही एवढा दणाणत असताना त्या कानांना चंद्रप्पा कुठून ऐकू येणार?

साडू लबाड आहे, हे कळल्यावर नरसिंगला राग यायला हवा होता. त्याला आला तो हेवा. हे आपल्याला आधी का सुचलं नाही?

थोड्या वेळाने आदर्शला बँकेतून फोन आला. तो ओसरीवर बोलायला गेला आणि परत येऊन बघतो तर खुर्चीत नरसिंग.

"भाऊ, मी बसलो होतो तिथं."

"लई उकडून राहिलं हो," नरसिंग म्हणाला. "खिडकीशी जरा बरं वाटतंय. तुम्ही बसा की मामांजवळ."

आदर्शचा चेहरा असा पडला, की नरसिंगला पुरणाआधीच जेवल्यासारखं झालं. पाच मिनिटांत शेजारून "होयतु!"ची आरोळी आली. नरसिंग घसा खाकरून म्हणाला, "मामा, कप्तानानं शॉर्ट लेग लावला, एक नंबर काम केलं. आता विकेट घ्याच." विकेट पडली. मामांनी मान वळवून त्याच्याकडे बघितलं. नऊ वर्षांत त्यांनी असं बघितलं नव्हतं.

"नरसिंगराव! हे कवापासून येतंय तुम्हाला?"

"येतच होतं मामा. तुम्ही बोलत होता म्हणून मी गप बसायचो."

आदर्शने दातओठ खाल्ले, पण बोलतो काय? भांडं फुटलं तर दोघांचं फुटणार होतं. तो सोफ्यावर मामांशेजारी जाऊन बसला. मग सासूबाईंनी, नागामामींनी, आतून हाक दिली, "धाकले जावई, औक्षण करायचंय, आंघोळ करून घ्या, टाकीत पाणी थोडंच हाय!" तेव्हा टॉवेल खांद्यावर टाकून तो न्हाणीघरात गेला. नरसिंगला मैदान मोकळं झालं.

तेवढ्यात चंद्रप्पांच्या खिडकीतून नवाच शब्द आला. तोही दोनदा आणि जिवाच्या आकांताने. "बंतु! बंतु!"

नरसिंग विचारात पडला. होयतु म्हणजे एक विकेट. बंतु म्हणजे त्याहून मोठं काहीतरी असणार, नाहीतर माणूस दोनदा कशाला ओरडेल? दोन चेंडूंत दोन विकेटा! त्याने छाती पुढे काढली. "मामा, लिहून ठिवा. ह्या ओव्हरमधी दोन जाणार."

"दोन?" मामा सरसावून बसले.

पुरणाच्या हातांनी मामी दाराशी आल्या. आत मिक्सर चालू होता, त्यांना नीट ऐकू गेलं नव्हतं. "काय हो, चंद्रप्पा ओरडले ना आत्ता? काय म्हणून राहिले?"

आता खरं सांगावं, तर मामांना खिडकीचं गुपित कळणार. नरसिंग घाईने म्हणाला, "काय न्हाई मामी, मॅचचं हाय."

"मंग बरं," म्हणून मामी आत गेल्या.

ती ओव्हर कोरडी गेली. दुसरी गेली. तिसऱ्या ओव्हरमध्ये समोरच्या फलंदाजाने ओळीने तीन चौके मारले. मामा पुन्हा सोफ्यावर मागे सरकले आणि त्यांची नजर आदर्शच्या रिकाम्या जागेवर गेली. नरसिंगने खुर्ची आणखी खिडकीकडे सरकवली. तो कान खिडकीला लावून बसला. त्या बंतुला वीस मिनिटं होत आली, तरी तिकडून काही नाही. मग एकदम, "होयतु! होयतु!"

नरसिंग खुर्चीतून उभाच राहिला. "मामा, आता! ह्या चेंडूवर न्हाई गेली, तर पासावरचा हक्क सोडला मी!"

चेंडू पडला. फलंदाजाने तो उचलून थेट प्रेक्षकांत मारला.

षटकाराचा गलका विरतो न विरतो, तोच न्हाणीघरातून आरोळी आली, "मामी! पाणी गेलं! डोळ्यात साबण हाय!" लगेच आतून रिकामा हंडा आपटल्याचा आवाज आला आणि मामी बाहेर आल्या. "टाकी आटली. आठ दिवसांनी आज नळ येणार होता, अजून आला न्हाई. दोन दोन जावई घरात, धोंडे वाफवायचे राहिलेत, आता कसं करू?"

तेवढ्यात चंद्रप्पाच दारात उभे राहिले. कपाळाला भस्म, हातात पाण्याचा पाइप, धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं. "भरलं का अर्जुनराव पाणी? आज वीसच मिनिटं आलता नळ."

"नळ येऊन गेला?" मामींचा आवाज चढला.

"दोनदा ओरडलो की. आला तवा बंतु म्हणलो, गेला तवा होयतु म्हणलो. खिडकीत पाहुणे बसलेले दिसले, मला वाटलं सांगतेल."

बंतु म्हणजे आला आणि होयतु म्हणजे गेला. कानडीचे दोन्ही शब्द नरसिंगला आता पक्के समजले, पण उपयोग काय?

"मी इचारलं," मामी नरसिंगकडे बोट करून म्हणाल्या, "तर म्हणले मॅचचं हाय!"

मामांनी टीव्ही बंद केला. घरात इतकी शांतता झाली, की न्हाणीघरातून आदर्शचं फुरफुरणं ऐकू येऊ लागलं. "मॅचचं कसं काय?" मामा म्हणाले. "चंद्रप्पा, तुम्ही मॅच बगून ओरडता?"

"विकेट पडली की होयतु म्हणतो. माझी बायको गुरम्मा चुलीपाशी असते, तिला कळावं म्हणून. तुमच्याकडं उशिरा दिसते का?"

मामांनी आधी खिडकीकडे बघितलं. मग खुर्चीकडे, मग नरसिंगकडे. कंबरेला टॉवेल, डोक्यावर फेस आणि एक डोळा मिटलेला अशा अवतारात आदर्श चाचपडत बाहेर आला होता, शेवटी त्याच्याकडे.

"म्हंजी दोघं बी," मामा सावकाश म्हणाले, "चंद्रप्पाची विकेट मला इकून राहिले होते."

नरसिंगला मान वर करवेना. आदर्शला डोळा उघडवेना.

चंद्रप्पांना यातलं काही समजलं नाही. ते आपले सहज म्हणाले, "बाकी त्या कप्तानाचं चुकलंच अर्जुनराव. लेग साइडला सहा माणसं, अन् चेंडू टाकून राहिला ऑफला. कोण मारणार न्हाई?"

मामांचा चेहरा बदलला. "हेच! हेच मी सकाळधरून म्हणून राहिलो!"

"पर मी तर म्हणतो, तो बॉलरच बदलायचा."

"न्हाई, न्हाई. बॉलर बरोबर हाय."

"तुमचं चुकतंय अर्जुनराव."

"चला," मामा चप्पल घालत म्हणाले, "तुमच्याकडंच बसू. आमचा टीव्ही मागं पडतोय." दारात थांबून त्यांनी विचारलं, "चंद्रप्पा, हैदराबादला येता का? पास हाय एक."

पंधरा वर्षांचा शेजार, पण गेल्या नऊ वर्षांत कसोटीच्या दिवसात मामांनी त्यांना कधी घरात घेतलं नव्हतं, कारण घरात जावई असायचा.

मामींनी निकाल दिला, की हौद चंद्रप्पांचा भरलाय, तिथून पाणी आणून ड्रम भरल्याशिवाय कोणाला धोंडा मिळणार नाही. मग दोन्ही जावई बादल्या घेऊन निघाले. आदर्शच्या कानामागचा साबण वाळून पांढरा झाला होता. हौदाकडे जायची वाट चंद्रप्पांच्या बैठकीवरूनच होती. प्रत्येक खेपेला दारातून दिसायचं ते एकच. मामा आणि चंद्रप्पा मांडीला मांडी लावून बसलेत, समोर गुरम्माने दिलेला चहा, आणि दोघं हातवारे करून कप्तानाची अक्कल काढतायत. मामा इतके हसत होते, की त्यांचा चहा बशीत सांडला. नऊ वर्षांत नरसिंगने त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं. ते बघून त्याचा जीव जळाला.

आठव्या खेपेला तो हौदापाशी थांबला. आदर्शही थांबला. दोघांनी बादल्या खाली ठेवल्या.

"आदर्शराव," नरसिंग म्हणाला, "लेग साइडला सहा माणसं कामून लावली होती कप्तानानं?"

"जाळं होतं भाऊ ते. बॅट्समनला ऑफला खेळायला लावायचं, अन् मंग पकडायचं."

"हेच तर! चंद्रप्पाला हे कळलं का?"

"कशाचं कळतंय? नुसता ओरडतो तो."

"मामांनी त्याला पास दिला."

"अन्याव हाय भाऊ," आदर्श म्हणाला आणि त्याने नरसिंगची बादलीही स्वतःच भरून दिली.

त्याला क्रिकेटमधलं खरोखरच कळतं, असं नरसिंगला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.