घड्याळजींचं मुंगूस

कब्रस्तानच्या कोपऱ्यातल्या जुन्या कबरीखाली मुंगूस राहतं, हे घड्याळजींनी शोधून काढलं होतं आणि त्याचा त्यांना कोण अभिमान! पण त्यांच्याबरोबर पक्षी बघायला जाणाऱ्या मंडळींनी ते हसण्यावारी नेलं. "भर शहरात मुंगूस? घूस असेल हो!" आता फोटो दाखवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि तोही आजच काढायला हवा होता. तिथल्या माळ्यानं बजावलं होतं, "दहाला गवंडी येतोय. कबरीवर फरशी बसली की बीळ बंद."

आठ वाजताच घड्याळजी कॅमेरा मांडीवर घेऊन बिळासमोर बसले. चाळीस वर्षं भिंगातून घड्याळांची बारीक चाकं न्याहाळलेला माणूस. श्वास रोखून न हलता बसावं ते त्यांनीच. फक्त फार वेळ टक लावली की त्यांच्या डाव्या डोळ्याला धार लागायची.

ती धार एका बाईनं पाहिली. "कोण होते तुमचे?" तिनं हळूच विचारलं. बोललं तर मुंगूस बुजेल, म्हणून घड्याळजींनी नुसती मान हलवली.

"बिचाऱ्यांना शब्दसुद्धा फुटत नाही," म्हणत ती शेजारी बसली. तिला बघून दोन बहिणी थांबल्या, त्यांना बघून एक म्हातारं जोडपं आलं. पावणेदहाला पंधरा माणसं माना खाली घालून उभी होती. कुणी पाठीवरून हात फिरवी, कुणी रुमाल पुढे करी. आता जा म्हणून घड्याळजी मनातल्या मनात सगळ्यांच्या पाया पडत होते.

दहाला गवंड्याला घेऊन एक तरुणी आली आणि थबकलीच. "आमच्या आजोबांसाठी एवढी माणसं? काका, तुम्ही कसे ओळखत होतात त्यांना?"

तिचे भरलेले डोळे बघून खोटं बोलणं घड्याळजींच्या जिवावर आलं. "नाही ओळखत, बाळ," ते पुटपुटले. "मी मुंगसासाठी बसलोय."

पंधरा माना एकदम वर झाल्या. रुमालवाली काही बोलणार, तोच बिळातून मुंगूस निघालं, मागोमाग तीन पिल्लं, आणि सगळ्यांदेखत ऐटीत गवतात शिरलं. फोटो राहिलाच.

"पाहिलंत ना? मुंगूसच!" घड्याळजींची छाती फुगली. पंधरा साक्षीदार काय कमी झाले?

"आजोबांच्या स्वभावामुळे घरात कुणी टिकलं नाही," तरुणी म्हणाली. "आजीसुद्धा माहेरी गेली ती गेलीच. आणि या मुंगसानं त्यांच्याकडे बाळंतपण उरकलं!"

गवंड्यानं घमेलं खाली ठेवलं. "ताई, फरशी कुठून सुरू करू?"

"फरशी राहू द्या," ती ताठ मानेनं म्हणाली. "उशिरा का होईना, आजोबा माणसं जोडायला लागलेत."