गोधडीखालचे कांद्याचे भाव

वैद्यकाकांच्या घरी रेडिओ गोधडी पांघरून बोलतो. तोंडाला तोंड लावून उभे केलेले दोन लाकडी स्पीकर, वर जाड गोधडी आणि आतून दिवसभर घुमणारे कांद्याचे भाव.

मी सोसायटीची सेक्रेटरी. तक्रारींच्या यादीत काकांचं नाव कायम वर. जाऊन विचारलं, तर म्हणाले, "कॅपॅसिटर मुरतायत, ताई."

कॅपॅसिटर म्हणजे स्पीकरच्या पोटातला बोटाएवढा भाग. बारीक आवाज छोट्या कर्ण्याकडे पाठवतो, जाड आवाज अडवतो. काकांच्या मते नवा कॅपॅसिटर कच्चा. महिनोन् महिने आवाज खाल्ल्याशिवाय त्याला गाणं पचत नाही. "लोणचं घातल्याघातल्या वाढता का तुम्ही?"

शिवाय डावा-उजवा अगदी सारखे हवेत. मेन रोडवरून पिशवीभर आणायचे आणि मीटर लावून एकेकाची परीक्षा घ्यायची. "मुलगा बरा आहे, पण हिच्या तोलाचा नाही," म्हणून बाजूला. जमलेली जोडी दोऱ्याने बांधून ठेवायची. मुरता मुरता त्यातला एक बदलला, की पुन्हा स्थळं पाहणं सुरू.

हा सगळा घाट मालतीकाकूंसाठी. काकूंना गाण्याचं वेड, आणि कान जात चाललेले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, ऐकायचं ते आत्ताच ऐकून घ्या, पुढे मशीनचाही उपयोग व्हायचा नाही.

"अहो, आहे तसं लावा," काकू म्हणायच्या.

"कच्च्या आवाजावर तुझे कान वाया घालवू?"

मीही सुनावलं. "काका, आधी कान, मग कॅपॅसिटर. क्रम चुकतोय तुमचा."

"तुमची यादी तुमच्यापाशी ठेवा, ताई."

दिवाळी गेली, पाडवा गेला. काकूंशी बोलताना आम्ही आधी खांद्याला हात लावू लागलो. गोधडीखाली कांदा चढत होता, उतरत होता.

गेल्या रविवारी सकाळी काकांनी मला मुद्दाम बोलावलं. गोधडी घडी करून ठेवलेली. काकू ठेवणीतली साडी नेसून समोर बसलेल्या. काकांनी बटण दाबलं.

खरं सांगते, असा आवाज मी ऐकला नव्हता. तानपुरा जणू खोलीत येऊन बसला. मग गाणं सुरू झालं, चांगलं रंगलं. काका स्पीकरकडे बघतच नव्हते, काकूंकडे बघत होते.

काकू त्यांच्याकडे पाहून हसल्या. "अहो, लावा की आता. ताईंना कामं असतात."

गाणं चालूच होतं.

काकांनी बटण बंद केलं. स्क्रू-ड्रायव्हर घेऊन स्पीकरच्या मागे गेले, पुन्हा उठून आले आणि काकूंच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाले, "मुरले नाहीत गं अजून! कच्चेच निघाले."

काकूंनी मान हलवली. खुर्चीवरची गोधडी उचलली, उलगडली आणि एक टोक त्यांच्या हातात दिलं.