भरतीच्या मोहिमेत अंगठा फितूर जाहला त्याची हकीकत

समुद्र प्रसन्न असो. कसबे डहाणू, पश्चिमेस खारे पाणी, उत्तरेस घोलवडच्या चिकूवाड्या, पूर्वेस कासा व त्यापलीकडे डोंगर, ऐशा मुलखात मार्गशीर्ष मासी जे युद्ध जाहले, ज्यात रक्त सांडले नाही परंतु घाम पुष्कळ सांडला, त्याची हकीकत पुढे कोणी तिखटमीठ लावून सांगू नये म्हणोन येथे लिहून ठेविली आहे.

राजश्री एकनाथराव, वस्ती मसोली, सरकारी कचेरीत आवक-जावक दप्तराचे कारभारी, वय पन्नाशीस टेकलेले, पोट दोन बोटे पुढे, यांस समुद्रात पोहण्याचे व्यसन. एक देह आणि धनी दोन, आणि दोन्ही हट्टी. कचेरी रोज एकाच वक्ती उघडे आणि भरती रोज वेळ बदलून येई. आणि ओहोटीस जावे तर डहाणूचा दर्या इतका मागे हटतो की चिखल तुडवतानाच हजेरीची वेळ होते. तरी राव दोहोंची चाकरी ओढाताणीने का होईना, चालवीत होते.

मग नाशिक प्रांताहून कल्पिता मॅडम बदलून कचेरीच्या हुजूर होऊन आल्या, आणि आल्या तशा त्यांनी भिंतीस अंगठ्याचे यंत्र ठोकविले, आणि फर्मान काढिले की, जो उशिरा येईल त्यास लाल खूण, आणि महिन्यात तीन खुणा होताच एक रजा जप्त. रावांच्या नावे दोन खुणा आधीच पडल्या होत्या, दोन्ही दर्यापायी. आणि वर्षअखेर असल्याने गाठीस रजा उरली होती एक.

ती रजा सामान्य नव्हे. रावांची स्त्री सरलाबाई, शाळेत शिक्षिका, माहेर जळगाव, पाण्याचे भय भारी. लग्न होऊन डहाणूस आल्या त्यास सोळा वर्षे जाहली, परंतु घोट्यावर पाणी चढू दिले नाही. दर्यास त्या 'तुमची धाकटी' म्हणत, आणि राव पोहून परतले की चहा देताना धाकटीची खुशाली पुसत. त्या बाई या वर्षी, कोण जाणे कैसे, सदानंद नाखव्याच्या होडीत बसण्यास राजी जाहल्या, आणि शुक्रवारी दुपारच्या मोठ्या भरतीचा मुहूर्त ठरला. त्यांनी रावांस ताकीद दिली, "मनात आहे तोवर न्या. शनिवारी मी पुन्हा नाही म्हणेन."

शहाण्याने तो आठवडा दर्याकडे पाठ करावी. राव शहाणे नव्हते, हे या बखरकारास सांगणे भाग आहे. सोमवारी एकादशी, भरती नेमकी कचेरीच्या तोंडावर, वारा पडलेला, पाणी ताटातल्यासारखे स्वस्थ. मग रावांनी साबुदाण्याची खिचडी घाईने आटोपिली, कचेरीचे कपडे स्कूटरच्या डिकीत घातले आणि किनाऱ्यावर कूच केले, आणि पाण्यात जे शिरले ते वेळ विसरले. किनाऱ्यावर जाळे सांधीत बसलेल्या सदानंदाने हाक दिली, "राव, निघा आता. नायतर शुक्रवारी वहिनींना मी एकट्याने फिरवू काय?" तेव्हा राव भानावर आले, आणि धावले, आणि शर्टाची बटणे चुकीच्या काजांत लावून वेळेआधी यंत्रापुढे येते जाहले.

आणि पाहतात तो यंत्रापुढे खुद्द मॅडम पाठमोऱ्या उभ्या. त्या अंगठा ठेवीत, आणि यंत्र लाल डोळा दाखवून म्हणे, "कृपया पुन्हा प्रयत्न करा." त्या ओढणीस अंगठा पुसून पुन्हा ठेवीत, आणि यंत्र पुन्हा तेच म्हणे. मग रावांनी आपला अंगठा पुढे केला. त्यासही तेच उत्तर. तेव्हा उभयतांनी आपापला अंगठा निरखिला. पाण्यात तास घालविल्याने दोन्ही अंगठे सुरकुतून मनुक्यागत जाहले होते, आणि मॅडमच्या वेणीतून पाणी ठिबकत होते, आणि चपलेस वाळू.

शिपाई अमृत याने टेबलफॅन आणून मसलत दिली, "दोघं पण अंगठे वाऱ्यावर धरा, वाळले की घेईल ते." ऐसे हुजूर आणि चाकर एकाच पंख्यापुढे अंगठे धरून उभे राहिले, आणि घड्याळ हजेरीच्या वेळेपुढे सरकले, आणि तळासरीहून दाखल्यासाठी आलेली बायजी म्हातारी बाकावरून हे पाहात होती. ती म्हणाली, "दोघंय दर्यात जाऊन आलीस का? मंग माझा दाखला कोण देल?"

कचेरीत कोणी हसले नाही. रावांस खुणेचे भय होते ते मागे पडून लाज वाटली. मॅडम आत गेल्या, प्रथम बायजीचा दाखला सही करून दिला, आणि मग रावांस बोलावून कबूल केले की, डहाणूस आल्यापासून नरपडच्या किनारी पोहणे शिकत आहे, आणि आज प्रथमच पाय टेकविल्याविना दहा हात गेले, म्हणोन बाहेर निघवेना. राव म्हणाले, "आमचंही तसंच होतं, मॅडम. गेली वीस वर्षं."

मग तह जाहला. सकाळच्या भरतीस जो दर्यात जाईल, आणि त्यापायी ज्यास उशीर होईल, त्याने तितका वेळ सांजेस कचेरीत बसावे, मग खूण पुसावी. आणि दाखल्यास आलेल्या माणसास कोणाच्या पोहण्यापायी बाकावर बसावे लागू नये. यंत्र मानीना, म्हणोन तहावर जांभळ्या शाईचे दोन अंगठे उमटविले, ज्यांत रेषा कमी आणि सुरकुत्या अधिक. त्या सांजेस दिवेलागणीपर्यंत दोघेही खुर्चीत बसून होते, ऐसे अमृत सांगतो.

शुक्रवारी रजा शाबूत राहिली आणि होडी निघाली. सरलाबाई प्रथम डोळे मिटून, मग एक डोळा उघडून, मग दोन्ही. खाडीचे मुख ओलांडल्यावर त्यांनी उजवा हात काठावरून पाण्यात सोडिला, आणि परत येईतो काढिला नाही. किनाऱ्यास उतरून बाईंनी आपला अंगठा रावांपुढे धरिला. तो सुरकुतला होता.

सोळा वर्षांची मोहीम फत्ते जाहली, हे लिहून लेखणी खाली ठेविली.