अकराच्या अकरा हजर

मोर्शीजवळच्या संत्रा बागायतदार संस्थेचं शीतगृह चालू होतं, पण आत संत्री नव्हती. सेक्रेटरी नत्थुजींचा डबा आणि ताकाची बाटली तेवढी होती. सभासदांखेरीज कुणाचा माल ठेवायचा नाही, हा नियम. अकरा सभासदांपैकी सहा हार घालून भिंतीवर गेलेले, उरलेल्या पाचांच्या बागा वाळलेल्या.

आचलची बाग मात्र फळांनी वाकली होती, आणि फळ गळायला लागलं होतं. ती अर्ज घेऊन अध्यक्ष खुशालरावांपुढे उभी राहिली.

"काकाजी, आठ दिवसांत माल थंड्यात नाई गेला त सारा मातीत जाते. मले सभासद करून घ्या."

"कोण नाई म्हणते? पण नव्या सभासदासाठी अकराच्या अकरा हजर पायजेत."

"सहा त वारले ना जी!"

"वारले म्हणून का नाव काढाव? अन् नाव काढाले बी सभा लागते. सभेले अकरा लागतात."

नियम करणारे शहाणे असतीलही. पाळणाऱ्यांनी मात्र त्याची पूजा मांडली होती, आणि पूजेत कुणी डोकं वापरत नाही.

नत्थुजींना तोड सुचली. "दर सभेले आपण फोटोंपुढं चहा ठेवतोच ना? चहा घेते तो हजर!"

सहा फोटो सहा खुर्च्यांवर बसले. पुढे चहा ठेवला. नत्थुजींनी नावं पुकारली. गेलेल्यांच्या वतीनं खुशालराव स्वतः "हजर" म्हणाले आणि हजेरीखाली सही करून मोकळे झाले. आचलनं पेढ्याचा पुडा सोडला.

"आचलले सभासद कराचं. हात वर करा!" खुशालराव म्हणाले.

पाचही हात झटकन वर गेले. आचलचे डोळे भरून आले. नत्थुजींनी हात मोजले आणि त्यांचा पेन थांबला.

"बाजूनं पाच. सहा जणायनं हात वर नाई केला. ठराव नामंजूर."

"अरे बह्याडा, ते फोटो हायेत!" खुशालराव ओरडले.

"हजर तुमीच म्हटलं ना जी. सही बी तुमचीच."

"मंग उद्या पुन्हा सभा घ्या," आचल म्हणाली.

"नामंजूर ठराव सालभर पुन्हा घेता येत नाई, पोरी," नत्थुजी म्हणाले.

पेढा कुणी खाल्ला नाही. आचलनं पुडा बांधला. दारात ती थांबली.

"काकाजी, मेल्यावर तरी मले इथं बसवसान का?"

खुशालरावांनी चष्मा लावला, नियमांचं पुस्तक चाळलं आणि खरोखरच्या दुःखानं मान हलवली.

"नाई व पोरी. फोटो फक्त सभासदाचाच लागते."