डूला म्हणजे डुला नव्हे!

"पाच दिवसांत दहा बायकांना एक नंबर डूला बनवते की नाही बघाच!" असं मी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंना ठणकावून सांगितलं. डूला म्हणजे बाळंतपणात बाईजवळ थांबून धीर देणारी सोबतीण. पुण्याला जाऊन मी त्याचा कोर्स केला होता, त्यामुळे अंगात नुसती हवा!

डॉक्टरबाई म्हणाल्या, "एका बाळंतपणात सोबत करून दाखवा. नीट झालं तर तुमच्या बायकांना आत परवानगी. नाहीतर विषय बंद."

पहिल्या दिवशी जरीपटका वस्तीतल्या हॉलमध्ये मी जोशात म्हटलं, "आजपासून तुम्ही सगळ्या डूला!"

आणि दहाच्या दहा बायका डुलायला लागल्या!

"अहो, हे काय?"

"तुमीच म्हनलं ना मॅडम, डुला!" यमुताई म्हणाल्या. अर्ध्या वस्तीची बाळंतपणं यांच्याच हातची. "आमी तं तसंबी कळा आल्या का बाईले धरून डुलवतोच."

"डुलायचं नाही! श्वास मोजायचा. चार आत, सहा बाहेर. तक्ता बघा!"

"बाई कळा देऊन राहिली, अन् आपन आकडे मोजाचे? काहून?"

मी दुर्लक्ष केलं. कोर्स कोणी केला होता?

शनिवारी दवाखान्यात कळमेश्वरची गोपिका आली. पहिलटकरीण, भीतीनं पांढरीफटक. प्रात्यक्षिक अर्थात मीच करणार! यमुताईंना कोपऱ्यात उभं केलं. कळ आली आणि गोपिकानं माझा हात संत्र्यासारखा पिळला.

"चार आत... सहा बाहेर..."

ती काही ऐकेना, म्हणून मीच जोरजोरात श्वास घेऊन दाखवला. इतका दाखवला की डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी फरशीवर आडवी!

दवाखान्यातल्या दोन मावश्यांनी मला स्ट्रेचरवर घालून बाहेर आणलं. चादरीतून फक्त वेणी दिसत होती. गोपिकाच्या सासूबाई सिंधूताई धावतच आल्या.

"माय वं! सुटली पोरगी! काय झालं, पोरगं का पोरगी?"

चादर सरकली.

"हे कोन होय?"

"मी... ट्रेनर," मी पुटपुटले.

उघड्या दारातून आतलं दिसत होतं. गोपिकाचे हात आपल्या गळ्यात घेऊन यमुताई म्हणत होत्या, "डुल वं माय, हळू डुल. मी हावो ना!" दोघी डुलत होत्या. गोपिकाचा चेहरा निवला होता. खरं सांगते, मला भरून आलं.

तासाभरात बाळ रडलं. मुलगी! सिंधूताईंनी आनंदानं मलाच मिठी मारली, स्ट्रेचरसकट!

डॉक्टरबाई बाहेर आल्या. "परवानगी दिली! दहाही जणी येऊ देत."

मी ताडकन उठून बसले.

"तुम्ही मात्र बाहेरच थांबत जा," त्या म्हणाल्या. "आत आम्हाला एका वेळी एकच पेशंट झेपतो!"